सासूबाई तिसऱ्या फळीवर

"इथे मला कळेल," असं म्हणून सासूबाईंनी चपला काढल्या आणि रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवरच्या गादीवर त्या आडव्या झाल्या.

मॅनेजरने मागेपुढे पाहिलं. जेवणाची सुट्टी होती. गोदामात चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक आणि त्यांच्या प्रत्येक फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या एकावर एक रचलेल्या. 'क' रांगेच्या तोंडाशी एक नवाकोरा फलक होता : 'बाहेरच्या व्यक्तींना रॅकमध्ये सक्त मनाई. रॅकवर चढू नये.' फलक मॅनेजरनेच लावला होता. आता तो त्या फलकाकडे पाठ करून उभा होता.

सासूबाईंनी आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला होता आणि त्या खुर्चीने त्यांची कंबर घेतली होती. डॉक्टरांनी गादी बदला म्हणून सांगितलं. मुलीने आणि जावयाने त्यांना शहरातल्या सगळ्या दुकानांतून फिरवलं. पण सासूबाईंची अडचण वेगळी होती. दुकानात गादीवर पडलं की विक्रेता डोक्याशी येऊन उभा राहायचा. "माणूस डोक्याशी उभा असला की मला गादी कळत नाही," त्या म्हणायच्या. "आजारी पडल्यासारखं वाटतं." शेवटी जावयाच्या तोंडून निघून गेलं, की आमच्या गोदामात या, जेवणाच्या सुट्टीत कोणी नसतं. बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं, की त्या विसरतील.

"आई, फक्त दहा मिनिटं हं," तो आता म्हणाला. "झोपायचं नाहीये. नुसतं पडून बघायचंय."

सासूबाईंनी कानातलं यंत्र काढलं, एका डबीत घातलं आणि डबी त्याच्या हातात दिली.

"हे खिशात ठेवा, जावईबापू. झोपेत पडतं कुठेतरी."

"झोपायचं नाहीये, आई."

पण यंत्र आता डबीत होतं आणि डबी त्याच्या हातात होती, त्यामुळे हे वाक्य फक्त त्यालाच ऐकू आलं. त्याने सामान झाकायची एक करडी रजई आणून त्यांच्या पायांवर घातली. सासूबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वॉचमनकाका होते.

"साहेब, ते तपासणीवाले आलेत."

"ते उद्या येणार होते."

"मी पण तेच म्हटलं. ते म्हणाले, म्हणूनच आज आलो."

आगप्रतिबंधाचे तपासनीस हे बारीक चणीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या हातात एक बॅग होती आणि काखेत लांब दांडा, ज्याच्या टोकाला खोट्या धुराचा डबा बसवता येई. मॅनेजर धापा टाकत ऑफिसात पोचला तेव्हा ते हिशेब सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलाशी बसून चहाची वाट बघत होते. मागच्या वेळी हेच गोदाम त्यांनी नापास केलं होतं. या वेळीही नापास झालं तर मालक गोदाम बंद ठेवणार होते आणि मॅनेजरला दुसरीकडे कुठे पाठवायचं याचा विचार करणार होते. हे मालकांनी फोनवर अगदी प्रेमाने सांगितलं होतं.

"काही हरकत नाही ना, आज?" तपासनिसांनी विचारलं.

"छे, छे. उलट बरं झालं," मॅनेजर म्हणाला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

चहा होईपर्यंत तपासनिसांनी आपल्या आवडीच्या विषयावर बोलायला सुरुवात केली. रॅकमधून फिरवलेली लाल नळी त्यांना फार आवडत असे. तिला बारीक भोकं असतात. ती रात्रंदिवस हवा ओढते आणि हुंगते. माणसाच्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी तिला धूर कळतो. मग भोंगा होतो आणि लाल दिवे लुकलुकायला लागतात. आणि तरीही आग वाढलीच, तर प्रत्येक फळीच्या पोटाशी बसवलेले स्प्रिंकलर असतात. त्यांच्यात एक इवलासा काचेचा मणी असतो. उष्णतेने तो फुटतो आणि पाणी सुटतं.

"लोकांना वाटतं, एक फुटला की सगळे फुटतात," तपासनीस हळहळत म्हणाले. "तसं नसतं. ज्याच्याखाली आग, तेवढाच फुटतो. इतकं समजूतदार यंत्र दुसरं नाही."

मॅनेजर मान डोलवत होता. मधून मधून तो उठायचा आणि म्हणायचा, "मी जरा आत बघून येतो." तपासनीस दरवेळी म्हणायचे, "बसा हो, आपण बरोबरच जाऊ."

चहा संपला. तपासनिसांनी अग्निशमन दलाला फोन लावला. "पुढचा तासभर आमच्याकडून घंटा वाजली तरी येऊ नका. सराव आहे." मग त्यांनी फोन बाईंच्या टेबलावर चार्जिंगला लावला, दांडा उचलला आणि ते गोदामात शिरले. नशिबाने ते 'अ' रांगेकडे वळले. 'क' रांग दोन रांगा पलीकडे होती. मॅनेजरने ठरवलं, की साहेब वर बघत असतील तेवढ्यात सटकायचं आणि आईंना मागच्या दाराने बाहेर काढायचं.

पण तपासनीस फार हुशारीने काम करत. त्यांनी एका हाताने दांडा वर नेला आणि दुसऱ्या हाताने मॅनेजरचं मनगट धरलं.

"घड्याळ बघा जरा. किती सेकंदांत ओरडतंय ते."

नळीने धूर हुंगला. भोंगा सुरू झाला. सगळ्या रांगांच्या टोकांना लाल दिवे लुकलुकू लागले. मॅनेजरचे पाय आपोआप 'क' रांगेकडे वळले.

"तिकडे कुठे?" तपासनिसांनी विचारलं. "बाहेर चला. सामान घ्यायला जायचं नसतं."

"सामान नाही."

"मग काय आहे?"

"काही नाही," मॅनेजर म्हणाला आणि बाहेर चालू लागला. आग नव्हतीच. आईंना भोंगा ऐकू येणार नव्हता. त्या झोपून राहतील आणि हे प्रकरण गुपचूप मिटेल, असं त्याने स्वतःला समजावलं. खिशातली डबी मात्र त्याने घट्ट धरून ठेवली होती.

समोरच्या अंगणात 'जमण्याची जागा' असा हिरवा फलक होता. त्याखाली गोदामातली सगळी माणसं उभी राहिली. सगळी म्हणजे चारच. हमाल माल पोचवायला गाडीबरोबर गेले होते. मागे राहिले होते मॅनेजर, हिशेबाच्या बाई, वॉचमनकाका आणि फोर्कलिफ्ट चालवणारा उंट. उंट हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं, पण त्याची मान आणि चाल बघितल्यावर दुसरं नाव कोणी विचारत नसे.

"आत किती माणसं होती?" तपासनिसांनी विचारलं.

"चार," मॅनेजर म्हणाला.

वॉचमनकाकांनी बोटांवर मोजलं आणि मॅनेजरकडे पाहिलं. "साहेब, पाच ना? मघाशी तुमच्याबरोबर..."

"चार, काका."

"बरं. चार," काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा दुःखी झाला. फाटकातून आत गेलेली आणि बाहेर आलेली माणसं मोजणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. त्यांचा आकडा असा कोणी कधी खोडला नव्हता.

"मागच्या बाजूलाही जमण्याची जागा आहे ना तुमची?" तपासनीस म्हणाले. "तिकडे कोणी गेलं असेल का?"

"मागे कुणी जातच नाही," मॅनेजर घाईने म्हणाला.

"ठीक. आता मुख्य दिवे बंद करतो. अंधारात बाणाचे दिवे लागतात का ते बघू."

मॅनेजरने गोदामाच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई जाग्या झाल्या तर? अंधार, कानाला काही ऐकू नाही, डोक्यावर लोखंडी फळ्या आणि अनोळखी जागा. त्याने उंटाला बाजूला घेतलं.

"'क' रांग मोकळी आहे ना? तिकडे काही पडलेलं वगैरे नाही ना?"

"एकदम साफ," उंट खुशीत म्हणाला. "ती खालची नमुन्याची गादी होती ना, तीसुद्धा उचलली. जेवणाच्या सुट्टीत मध्येमध्ये कोणी येत नाही, म्हणून आत्ताच उरकलं."

"उचलून कुठे ठेवलीस?"

"तिसऱ्या फळीवर. तुम्हीच म्हणाला होता, तपासणीच्या आधी खालची फळी मोकळी पाहिजे म्हणून."

मॅनेजरला हे आठवलं. तो असं म्हणाला होता, आणि जोर देऊन म्हणाला होता.

"त्या गादीवर..." मॅनेजर म्हणाला. "गादीवर काही होतं का?"

"काय होतं?"

"काहीही. तू बघितलं नाहीस?"

"माल उचलताना मी फोर्कलिफ्टच्या काट्यांकडे बघतो, साहेब. मालाकडे कशाला बघू?" उंट म्हणाला. "एक रजई होती वाटतं. का?"

"काही नाही," मॅनेजर म्हणाला. हे त्याचं त्या दुपारचं दुसरं 'काही नाही' होतं आणि पहिल्यापेक्षाही खोटं होतं.

तपासनीस मुख्य स्विचच्या पेटीकडे वळले. गोदामातले दिवे गेले. त्याच क्षणी मॅनेजर उभ्या असलेल्या ट्रकमागून वळसा घालून बाजूच्या दाराने आत शिरला. आता त्याला तपासणी, मालक, बदली यांतलं काहीही दिसत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की बायकोची आई दोन माणसांच्या उंचीवर झोपली आहे आणि कुठल्याही क्षणी कूस बदलेल.

आत हिरवे बाण छान चमकत होते. भोंगा आता थांबला होता, लाल दिवे मात्र लुकलुकत होते. 'क' रांगेत पोचून त्याने वर पाहिलं. तिसऱ्या फळीच्या कडेवरून करड्या रजईचं एक टोक खाली लोंबत होतं.

"आई, घाबरू नका," तो हळूच म्हणाला. "मी आहे. हलू नका फक्त." त्यांना ऐकू जाणार नाही हे त्याला माहीत होतं. हे तो स्वतःलाच सांगत होता.

भिंतीशी लावलेली चाकांची शिडी त्याने ढकलत आणली. 'रॅकवर चढू नये' हा फलक वाटेत आडवा आला, तो त्याने बाजूला केला. नियमाप्रमाणे त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. एवढा एक नियम तो अजून पाळत होता. शिडीच्या टोकावरून तो फळीवर आला, गुडघ्यांवर टेकला आणि रांगत पुढे सरकला. समोर रजईचा उंच ढीग होता. त्याने अदबीने, पाय असायला हवेत तिथे हात ठेवला. पाय नव्हते. त्याने हात वर सरकवला. गुडघेही नव्हते. मग त्याने सगळी भीड सोडून रजईच ओढली. रजईत फक्त रजई होती.

त्याच्या मनात एकच विचार आला. गादीच्या पलीकडे कठडा नव्हता. पलीकडे सरळ खाली 'ड' रांगेची जमीन होती. खाली वाकून बघण्यासाठी त्याने एकदम अंग उचललं आणि त्याचं हेल्मेट वरच्या फळीच्या पोटाशी असलेल्या कशावर तरी आपटलं. टिचकी मारल्यासारखा एक छोटासा आवाज झाला.

तो काचेचा मणी होता. प्रत्येक स्प्रिंकलरभोवती तारेची जाळी होती, फक्त याच एकाची जाळी गंजली म्हणून गेल्याच महिन्यात काढली होती. क्षणभर काहीच झालं नाही. मग कित्येक वर्षं पाइपात बसून काळं झालेलं, गंजाच्या वासाचं थंडगार पाणी त्याच्या डोक्यावर कोसळलं.

इकडे अंगणात उंट अस्वस्थ झाला होता. साहेबांचे प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत होते. गादीवर काही होतं का. तू बघितलं नाहीस का. तो हिशेबाच्या बाईंजवळ सरकला.

"बाई, मी बहुतेक कुणाला तरी वर ठेवलंय."

"कुणाला?"

"तेच तर बघितलं नाही," उंट म्हणाला आणि लांब ढांगा टाकत आत पळाला.

बाईंनी वॉचमनकाकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं.

"काका, तुम्ही मघाशी पाच म्हणालात. पाचवं कोण?"

"साहेब चार म्हणालेत."

"साहेब गेले आत. मला सांगा."

"त्यांच्या सासूबाई," काका म्हणाले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. "पाचच आहेत, बाई. माझा आकडा चुकत नाही."

"आणि तुम्ही इथे आकडा धरून उभे आहात?" बाई म्हणाल्या. "टॉर्च आहे ना तुमच्याकडे? चला."

तपासनीस स्विचच्या पेटीवरची धूळ फुंकून, काय काय बघितलं ते लिहून परत वळले तेव्हा हिरव्या फलकाखाली कोणीही नव्हतं. ते थोडा वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात भिंतीवरची पाण्याची घंटा घणघणू लागली. मागच्या खोलीतला मोठा पंप धडधडत सुरू झाला.

तपासनिसांचा चेहरा उतरला. ही घंटा सरावात नव्हती. स्प्रिंकलरमधून खरोखर पाणी वाहायला लागलं तरच ती वाजते आणि पाणी खऱ्या आगीशिवाय वाहत नाही. चारही माणसं आत होती. अग्निशमन दलाला त्यांनी स्वतः येऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि फोन बाईंच्या टेबलावर चार्ज होत होता. नोकरीच्या सगळ्या वर्षांत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नाकाला रुमाल लावला आणि ते धावत आत गेले.

'क' रांगेत पाऊस पडत होता. उंट शिडी धरून उभा होता. बाई चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. काका टॉर्च फिरवत होते. वरून मॅनेजरचा आवाज येत होता.

"आई वर नाहीयेत."

"मग पडल्या?" उंटाने विचारलं. तो रडायच्या बेतात होता.

"काका, खाली उजेड मारा. पलीकडे बघा, 'ड' रांगेत."

काकांनी उजेड मारला. 'ड' रांगेत पाण्याशिवाय काही नव्हतं. बाई मात्र दुसरीकडेच बघत होत्या.

"साहेब, त्यांनी चपला कुठे काढल्या होत्या?"

"तिथेच. खालच्या फळीशी."

"इथे नाहीयेत."

"वाहून गेल्या असतील."

"पाण्याबरोबर मी केव्हाची चालतेय, एक चप्पल दिसली नाही," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या फळीवरून पडलेलं माणूस आधी चपला शोधत नाही. चपला घालून गेल्यात त्या. चालत."

वर फळीवर मॅनेजर तसाच गुडघ्यांवर बसला. पाणी त्याच्या नाकावरून खाली पडत होतं. चपला घालून. चालत. त्याने ते दोन शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले आणि त्याच्या छातीवरचं काहीतरी थोडंसं सरकलं.

"आग कुठेय?" तपासनीस धापा टाकत पोचले.

"आग नाहीये," बाई म्हणाल्या.

"मग पाणी कशाने?"

"माझ्या डोक्याने," मॅनेजर वरून म्हणाला.

तपासनिसांनी एकदा वर बघितलं. "इथली जाळी कुठे गेली?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते मागच्या दाराकडे निघाले, कारण पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह मागच्या भिंतीला होता. त्यांच्यामागून उंट, त्याच्यामागून बाई, त्यांच्यामागून काका आणि शेवटी शिडीवरून घसरत उतरलेला, काळ्या पाण्याने निथळणारा मॅनेजर, अशी सगळी वरात मागच्या दारातून बाहेर पडली.

बाहेर लख्ख ऊन होतं. व्हॉल्व्हच्या पलीकडे भिंतीवर हिरवा फलक होता : 'जमण्याची जागा'. फलकाखाली सिमेंटचा कट्टा होता. कट्ट्यावर सावलीत, पायात चपला, मांडीवर पर्स, अशा सासूबाई बसल्या होत्या.

"पाच," वॉचमनकाका म्हणाले.

मॅनेजर तिथेच, व्हॉल्व्हच्या पायरीवर बसला. त्याला हसायला येत होतं आणि हसू येतंय की दुसरंच काही, हे त्याला कळत नव्हतं. तपासनिसांनी दोन्ही हातांनी चाक फिरवून पाणी बंद केलं, पंपाची कळ दाबली. घंटा थांबली. एवढी शांतता झाली, की सासूबाईंचा नेहमीपेक्षा चढा आवाज सगळ्यांना दचकवून गेला.

"अहो, तुम्ही असे भिजलात कसे?"

मॅनेजरने खिशातून डबी काढून उघडली. आतलं यंत्र कोरडं ठणठणीत होतं. त्याने ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी कानात घातलं, डोकं हलवून नीट बसवलं आणि म्हणाल्या, "हं, बोला आता."

"आई, तुम्ही इथे कशा आलात?"

"तुमची ती गादी मऊ निघाली हो. बसल्याबसल्या आत जायला होतं. म्हणून उठले, पलीकडच्या रांगेत एक पडली होती तिच्यावर पडून बघितलं. ती बरी वाटत होती. डोळा लागणार, तेवढ्यात समोर लाल दिवा लुकलुकायला लागला. डोळे मिटले तरी पापण्यांतून लाल दिसायचं. म्हटलं, इथे झोपायची काही सोय नाही. हिरवा बाण दिसला, त्याच्याखाली दार होतं, बाहेर आले. इथे बरी सावली आहे."

तपासनीस पुढे झाले. त्यांचा भिजलेला रुमाल अजून नाकावर होता, तो त्यांनी काढला.

"बाई, तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही?"

"यंत्र नव्हतं ना कानात. भोंगा होता का?"

"म्हणजे तुम्ही नुसत्या दिव्यावर उठलात. आणि बाणावर बाहेर आलात." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "ते दिवे आम्ही त्याचसाठी लावायला सांगतो. कोणाला पटत नाही. म्हणतात, भोंगा असताना दिवा कशाला."

मग त्यांनी कोरडा राहिलेला एक कागद शोधला आणि कट्ट्यावर सासूबाईंच्या शेजारी बसून लिहायला घेतलं. मॅनेजरने एक मोठा श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. सासूबाईंची कंबर, दुकानातले विक्रेते, जेवणाची सुट्टी, आपणच लावलेला फलक, आपणच दिलेला हुकूम. सांगताना त्याला वाटलं होतं, लाज वाटेल. तशी ती वाटली. पण समोर कट्ट्यावर सासूबाई पाय हलवत बसल्या होत्या, त्यामुळे ती फार टिकली नाही.

तपासनिसांनी सगळं ऐकून घेतलं.

"यंत्रांचं सांगतो," ते म्हणाले. "नळीने धूर वेळेत पकडला. दिवे लागले, बाण लागले. पंप आपला आपण सुरू झाला, मागच्या वेळी होत नव्हता. मणी एकच फुटला आणि पाणी एकाच जागी पडलं. मघाशी सांगत होतो, तेच झालं. प्लास्टिकमधल्या गाद्या कोरड्याच असणार. ती जाळी तेवढी आजच बसवा. यंत्रं पास."

मॅनेजरने डोळे मिटले. बाईंनी हातातल्या चपला खाली टाकून पायात घातल्या.

"आता माणसं," तपासनीस म्हणाले. "आग लागलेल्या इमारतीतून बाहेर आलेलं माणूस पुन्हा आत गेलं, तर आमच्या सरावात ते परत येत नाही. कशासाठी गेलं ते बघायचं नसतं. वारलं असं धरायचं."

"म्हणजे मी..." मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही गेलात. सगळ्यात आधी."

"आणि मी?" उंटाने घाबरून विचारलं.

"तुम्ही पण."

"मी नुसती टॉर्च धरायला..." वॉचमनकाका पुटपुटले.

"टॉर्च धरायला गेलात, पण गेलात. बाईही गेल्या. चार." तपासनिसांनी चार रेघा ओढल्या. "वाचल्या या एकट्या."

सासूबाईंनी सगळ्यांकडे सहानुभूतीने पाहिलं.

"चारच?" वॉचमनकाका म्हणाले. ते मघापासून बोटांवर मोजत होते. "साहेब, राग मानू नका. माझ्या हिशोबाने पाच गेले. तुम्ही पण आत आला होता."

तपासनिसांनी काकांकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आपल्या निथळत्या विजारीकडे. हळूच त्यांनी पाचवी रेघ ओढली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

कागदाच्या तळाशी त्यांच्या सहीची जागा होती. त्यांनी पेन तिथे नेलं आणि तसंच मागे घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की यंत्रांच्या वेळी मी होतो, तिथे मी सही करतो. या दुसऱ्या भागावर मला सही करता येणार नाही. मी नव्हतोच." त्यांनी कागद मधोमध फाडला, वरचा अर्धा सही करून मॅनेजरला दिला आणि खालचा चुरगळून खिशात टाकला. "माणसांचा सराव परत घ्यावा लागेल."

"कधी?" मॅनेजरने विचारलं.

"न सांगता येईन. आणि बाई, तुमची गादीची खरेदी तोपर्यंत उरकून घ्या."

ते फोन घ्यायला ऑफिसाकडे गेले. जाताना भिंतीला धरून, बाहेरच्या बाजूने गेले. पुन्हा आत शिरायची त्यांची तयारी नव्हती. उंट पाणी काढायचा खराटा शोधायला पळाला. त्याने कुणालाही वर ठेवलं नव्हतं, या आनंदात तो शीळ घालत होता. बाई आणि काका त्याच्यामागे गेले.

मॅनेजर सासूबाईंच्या शेजारी कट्ट्यावर बसला. थोड्या अंतरावर बसला, कारण त्याच्या अंगाला गंजाचा वास येत होता. त्यांनी पर्समधून रुमाल काढून त्याला दिला. त्याने चेहरा पुसला तेव्हा रुमाल काळा झाला. तेवढ्यात फोन वाजला. फोन भिजला होता, पण चालत होता. बायको होती.

"अरे, आईला घेऊन गेला होतास ना गोदामात? ती फोन उचलत नाहीये. कुठे आहे ती?"

"इथेच आहेत. माझ्या समोर." त्याला हे वाक्य बोलताना इतकं बरं वाटलं, की त्याने ते पुन्हा म्हटलं. "माझ्या समोर आहेत. सावलीत बसल्यात. अगदी ठणठणीत."

"मग एवढा दम का लागलाय तुला? तू बरा आहेस ना?"

"मी मघाशीच गेलो."

"गेलास? कुठे?"

मॅनेजरने उन्हात पाय पसरले. बुटांतून पाणी बाहेर आलं.

"घरी आल्यावर सांगतो," तो म्हणाला.